उजव्या हाताची सुधारित आवृत्ती

शिकवण्याची सवय एकदा लागली की सहसा सुटत नाही, असा शिक्षण खात्याचा फार जुना अनुभव आहे. माणूस नोकरीला लागतो, वर्गात जातो, फळ्यापुढे उभा राहतो आणि कोणी वेळीच अडवले नाही तर शिकवू लागतो. पुढेपुढे त्याला त्यात गोडी वाटते. अशा शिक्षकाचे अहवाल वेळेवर येत नाहीत, तक्ते अर्धवट राहतात, आणि सभेला बोलावले तर ‘वर्ग चालू आहे’ अशी सबब तो राजरोस सांगतो. खात्याने यावर पुष्कळ उपाय करून पाहिले. शिक्षकांना मोजण्यांना जुंपले, पाहण्यांना पाठवले, प्रशिक्षणे दिली आणि त्या प्रशिक्षणांच्या पाहण्या केल्या. तरीही काही चिवट मंडळी मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला दार लोटून घेऊन शिकवतच राहिली.

या रोगावर खरा उतारा सापडला तो ‘अध्यापक चलचित्र देवाणघेवाण संकेतस्थळ’ सुरू झाल्यावर. लोक त्याला प्रेमाने ‘पाटीपडदा’ म्हणतात. योजना इतकी सोपी आहे की ती कोणाला आधी कशी सुचली नाही याचे नवल वाटते. प्रत्येक शिक्षकाने आपला पाठ चित्रित करून पाटीपडद्यावर चढवायचा आणि इतरांनी तो आपल्या वर्गात लावायचा. चित्रणाला शांतता लागते, म्हणून तेवढ्या वेळापुरते मुलांना मैदानात बसवायचे. (मुले नसली की वर्ग किती नीट घेता येतो, हे अनेकांना तेव्हा प्रथमच कळले.) चित्रणाआधीच्या तयारीत आणि नंतरच्या काटछाटीत आपण गुंतलो असताना आपली मुले दुसऱ्याचा पाठ बघतात, त्या दुसऱ्याची मुले तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याची आपला. कोणीच कोणाला शिकवत नाही आणि तरी गावोगावच्या वर्गांत शिकवण्याचा आवाज घुमत असतो.

पाठ संपला की वर्गाच्या वतीने शिक्षकाने एक बटण दाबायचे. बटणे तीन: ‘समजले’, ‘छान समजले’ आणि ‘पुन्हा पाहायला आवडेल’. न समजणाऱ्या मुलांचे प्रमाण पहिल्याच सत्रात शून्यावर आले. (न समजल्याचे बटण ठेवलेले नाही. मागणी आल्यास विचार होईल. मागणी कळवण्याचे बटणही विचाराधीन आहे.)

अशा या सुवर्णकाळात एका शाळेत दुसरीच्या वर्गाला एक सर होते. त्यांना सगळे ‘हातवारे सर’ म्हणत. पोरे म्हणत, पालक म्हणत, शाळेचा शिपाईही म्हणे, आणि सरांचा त्याला आक्षेप नव्हता. अख्खी नोकरी त्यांनी दुसरीच्याच वर्गावर काढली होती. पहिलीत मुले रडतात आणि तिसरीत शहाणी होतात, दुसरीतच काय ती माणसात असतात, असे त्यांचे मत होते. दात पडला की पोर आधी तो सरांना दाखवायला आणायचे आणि मग आईला. बुटाची नाडी सुटली की पाय थेट सरांच्या खुर्चीवर यायचा. सरांचा जीव त्या वर्गात होता. कोणी विचारले असते तर त्यांनी तसे सांगितलेही असते, पण असे कोणी विचारत नाही.

दुसरीला ‘उजवे-डावे’ नावाचा पाठ आहे. वरवर पाहता किरकोळ आहे, पण भल्याभल्यांची त्यात फजिती होते. कारण शिक्षक मुलांकडे तोंड करून उभा असतो आणि मुले शिक्षकाकडे. शिक्षकाने आपला उजवा हात वर केला तर तो मुलांना आपल्या डावीकडे दिसतो, आणि मुले बिनदिक्कत डावा हात वर करतात. म्हणून लहान मुलांना शिकवणारी जुनी माणसे तोंडाने ‘उजवा’ म्हणतात आणि हात डावा उचलतात. मुलांना तो उजवीकडे दिसतो, त्यांचा उजवा हात बरोबर वर जातो आणि काम फत्ते होते. कवायत घेणारे हेच करतात, नाच शिकवणारेही हेच करतात. जो कधी लहान मुलांसमोर उभा राहिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही, आणि जो राहिलेला नाही त्याला सांगून कळत नाही.

हातवारे सरांच्या अंगात ही सवय इतकी मुरली होती की ती शाळेबाहेरही सुटेना. रस्त्यात कोणी पत्ता विचारला की सर त्याच्याकडे तोंड करून ‘पुढे उजवीकडे वळा’ म्हणायचे आणि डावा हात लांब करायचे. माणूस अचूक पोचायचा.

तर या सरांना मुख्याध्यापिकाबाईंनी एके दिवशी बोलावून घेतले. शाळेतल्या सगळ्यांचे पाठ चढले होते, सरांचाच तेवढा राहिला होता, आणि जिल्ह्याच्या तक्त्यात शाळेच्या नावापुढे लाल ठिपका दिसत होता. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण लाल ठिपक्यापुढे कोणाचे काय चालते! ‘‘सर, एक व्हिडिओ टाका आणि मोकळे व्हा,’’ त्या म्हणाल्या. सरांनी दुसऱ्याच दिवशी मुलांना मैदानात बसवले, खडूच्या खोक्यांची चवड रचून तिच्यावर मोबाईल टेकवला, आणि रिकाम्या बाकांकडे प्रेमाने बघत ‘उजवे-डावे’ शिकवले. तोंडाने उजवा, हाताने डावा.

चढवलेला प्रत्येक पाठ गुणवत्ता समितीकडून तपासून घ्यावा लागतो. समितीत तिघे जण होते. अध्यक्ष हे निवृत्त लेखापरीक्षक होते, दुसरे गृहस्थ ध्वनितज्ज्ञ होते, आणि तिसऱ्यांना कशाचे तज्ज्ञ म्हणून घेतले होते त्याचा कागद सापडत नव्हता. तिघांपैकी कोणीही लहान मुलांसमोर कधी उभे राहिलेले नव्हते, त्यामुळे निःपक्षपातीपणाविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांचा अभिप्राय आला: ध्वनी उत्तम, प्रकाश बरा, शर्टाचा रंग योग्य, मात्र सादरकर्त्यास स्वतःचा उजवा हात ओळखता येत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

खुलासा करायला सर स्वतः गेले. कचेरीत पंखा होता, टेबल होते, टेबलापलीकडे समिती होती. सरांनी मुले, तोंड, उलट बाजू असे सगळे समजावून सांगितले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे. आता आमच्यासमोर आपला उजवा हात वर करा पाहू.’’

समोर तिघे जण ओळीने बसलेले, नजरा सरांवर लागलेल्या, आणि कानावर ‘उजवा हात वर’. इतक्या वर्षांची सवय आड आली. सरांनी डावा हात वर केला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. ध्वनितज्ज्ञांनी तर सहानुभूतीने मान खाली घातली. सरांना ‘हात : ओळख व उपयोग’ हे प्रशिक्षण-चलचित्र पाहण्याचा आदेश मिळाला. ते त्यांनी पाहिले, ‘छान समजले’ दाबले, आणि आपल्याला दोन हात असल्याचे प्रमाणपत्र घेऊन घरी आले.

सर हट्टी नव्हते, पण धडा चुकीचा जाऊ नये एवढी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी एक तोड काढली. कॅमेऱ्याकडे पाठ करून, मुलांचे तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला आपलेही तोंड करून उभे राहायचे आणि खराखुरा उजवा हात वर करायचा. हात समितीलाही बरोबर आणि मुलांनाही बरोबर. हा पाठ समितीने एका दिवसात परत पाठवला. नियमानुसार सादरकर्त्याचा चेहरा किमान सत्तर टक्के वेळ दिसायला हवा, आणि चेहरा हसरा हवा. पाठीवरून हास्याची खात्री करून घेण्याची सोय समितीकडे नव्हती.

तोवर लाल ठिपक्याचे दोन ठिपके झाले होते. मुख्याध्यापिकाबाई मधल्या सुट्टीत सरांकडे नुसत्या बघायच्या. शेवटी सरांनी हात टेकले. तिसऱ्यांदा ते कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, हसले, ‘उजवा हात’ म्हणाले आणि आपणहून वर जाऊ पाहणारा डावा हात निग्रहाने खाली दाबून उजवा वर केला. समितीने एकमताने मान्यता दिली. ‘सादरकर्त्याने घेतलेली मेहनत दिसते,’ असा शेराही मारला.

हा पाठ मात्र फार चालला. सरांचा चेहराच असा होता की पोरे टकमक बघत राहायची. शाळाशाळांतून तो लागला. पडद्यावरच्या सरांचा हात मुलांना डावीकडे दिसे, आणि मुले ‘उजवा’ म्हणत डावा हात वर करत. वर्गातले शिक्षक त्या वेळी ‘किती मुलांनी हात वर केले’ हा रकाना भरण्यात गढलेले असत. सगळ्यांनी केलेले असत. ‘छान समजले’चा पाऊस पडला आणि पाठाला ‘आदर्श’ असा हिरवा पट्टा मिळाला. किरकोळ तक्रारी आल्या, नाही असे नाही. काही मुले बूट उलटे घालू लागली. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायला शिकवलेली मुले गाडीकडे पाठ करून रिकामा रस्ता लक्षपूर्वक न्याहाळू लागली. पालकांना विचारणा झाली की त्यांनी पाठ पूर्ण पाहिला आहे का. पाहिला नव्हता. तक्रारी निकाली निघाल्या.

त्यातली एक तक्रार सरांच्या घरातच निघाली. त्यांची नात दुसऱ्या शाळेत दुसरीतच होती. सुट्टीच्या दिवशी लेक तिला घेऊन आली, ती पायात उलटे बूट घालूनच. सरांनी नातीला मांडीवर घेतले आणि बूट बदलू लागले, तर तिने पाय ओढून घेतला.

‘‘आजोबा, हाच उजवा पाय. व्हिडिओतल्या सरांनी सांगितलंय.’’

‘‘अगं, ते सर म्हणजे मीच की.’’

नातीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. ‘‘दिसतात तुमच्यासारखे. पण ते वेगळे आहेत. त्यांना शंका विचारता येत नाही.’’

लेक दारातूनच म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हीच करून ठेवलंय, आता तुम्हीच निस्तरा. रोज शाळेच्या वेळेला रडारड चालते आमच्याकडे.’’ सरांना त्या दिवशी जेवण गेले नाही. त्यांनी पाठ मागे घेण्यासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आले की आदर्श पाठ मागे घेण्याची तरतूद नाही, कारण मागे घ्यावा लागेल असा पाठ मुळात आदर्श होतच नाही.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण पाटीपडद्याचे यश पाहून खात्याने पुढचे पाऊल टाकले. जो पाठ पडद्यावर आहे तो वर्गात शिकवणे म्हणजे दुबार काम. तेव्हा ज्या वर्गाची कामगिरी पडद्याशी जुळत नाही, तो वर्ग शिक्षकाच्या हातून काढून पडद्याकडे सोपवावा आणि शिक्षकाची रवानगी साठवण विभागात करावी, असे परिपत्रक निघाले. साठवण विभागात दिवसभर इतरांच्या पाठांना नावे द्यायची असतात. तिथे मुले येत नाहीत. (शांतता वाखाणण्यासारखी आहे.)

पडताळणी अधिकारी हातवारे सरांच्या वर्गावर आले तेव्हा फार खुशीत होते. ज्यांचा पाठ आदर्श, त्यांचाच वर्ग! त्यांनी ‘उजवे-डावे’ लावायला सांगितले आणि वही घेऊन मागच्या बाकाजवळ उभे राहिले. पडद्यावरच्या सरांचा हात खिडकीच्या बाजूला वर गेला. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांचे हात दाराच्या बाजूला वर गेले. अधिकाऱ्यांनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा तेच.

हे असे का झाले, ते सांगायला नको. आपल्या वर्गाला सरांनी हा पाठ पडद्यावरून दाखवलाच नव्हता. स्वतः शिकवला होता.

‘‘सर,’’ अधिकारी हळहळून म्हणाले, ‘‘सगळीकडची मुलं तुमच्या व्हिडिओशी जुळतात. तुमचीच तेवढी जुळत नाहीत. आतून काही वाद आहे का तुमचा तुमच्याशी?’’ सरांनी मुलांचाच हात खरा आहे असे सांगून पाहिले. अधिकाऱ्यांनी त्यांना पडद्यावरचा हिरवा पट्टा दाखवला. तरी माणूस दिलदार होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, असे म्हणाला. तेव्हाही जुळले नाही, तर मात्र त्याचा नाइलाज असणार होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना आपल्या खोलीत बसवून पाणी दिले. हात कुठला का असेना, वर्ग तर तुमच्याकडे राहील, बाकीचं आयुष्य पडलंय मुलांना, असे त्या समजुतीने बोलल्या. सरांना ते पटले नाही. पण वर्गात परत आले तेव्हा एक पोर नाडी सुटलेला पाय त्यांच्या खुर्चीवर ठेवून वाट बघत उभे होते. सरांनी नाडी बांधली. बांधताना त्यांना वाटले की आपण गेलो तर उद्या हा पाय पडद्यासमोर धरून हे पोर किती वेळ उभे राहील, आणि त्यांचा निर्धार तिथेच ढासळला. चूक शिकवणारा का होईना, पण वर्गात माणूस असावा, असा हिशोब त्यांनी मनाशी केला. तो बरोबर होता की नाही हे त्यांना अजून ठरवता आलेले नाही.

‘‘हे बघा,’’ ते मुलांना म्हणाले, ‘‘पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा येणार आहेत. पडद्यावर ‘उजवा हात’ म्हटलं की सगळ्यांनी हा खिडकीकडचा हात वर करायचा.’’

‘‘पण सर, हा तर डावा आहे,’’ पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. तिचे समोरचे दोन्ही दात नव्हते.

‘‘डावाच आहे. साहेब असेपर्यंत त्याला उजवा म्हणायचं.’’

सरांना वाटले, आता प्रश्नांचा भडिमार होईल. ‘का?’ हा दुसरीच्या मुलांचा आवडता शब्द, त्यावर त्यांचा अख्खा दिवस जातो. सर उत्तराची जुळवाजुळव करू लागले. त्यांना मनापासून वाटत होते की कोणीतरी विचारावे, हटून बसावे, रडावे सुद्धा.

‘‘आणि साहेब गेले की पुन्हा डावा?’’ मुलीने विचारले.

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. वर्गही ‘बरं’ म्हणाला. कोणाला काही अवघड गेले नाही, कोणाच्या चेहऱ्यावर नवल नव्हते. उजवा हात शिकवायला सरांना दोन आठवडे लागले होते. हे मात्र मुलांना एकदाच सांगून कळले. सर खुर्चीत बसले. आपल्या नोकरीत इतका वाईट दिवस आपण पाहिलेला नाही, असे त्यांना वाटले, आणि ते खरेच होते.

पडताळणी उत्तम पार पडली. सगळे हात खिडकीकडे गेले. पडद्यावरचे सर हसत होते, मागच्या भिंतीशी उभे असलेले सर हसत नव्हते, पण त्यांचे चित्रण चालू नसल्याने तशी अटही नव्हती. अधिकाऱ्यांनी मुलांना शाबासकी दिली, शंभर टक्के जुळणी नोंदवली आणि वर्ग सरांकडे कायम ठेवला. निघताना त्यांनी मुलांना विचारले, ‘‘काय रे, समजलं ना?’’ मुले त्यांच्याकडे बघून एका सुरात म्हणाली, ‘‘छान समजलं.’’ हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

आता एक किरकोळ बाब वाचकांच्या कानावर घालून ठेवतो. हे वाचताना कुठेतरी, बहुधा बाजूंचा घोळ चालला होता तिथे, तुम्ही आपला एक हात हळूच हलवून बघितला असणार. कोणता उजवा याची खातरजमा करून घेतली असणार. लाजण्यासारखे त्यात काही नाही. सुटाबुटातली माणसेही अजून असेच करतात, कारण कधीकाळी कोणीतरी तुमच्यासमोर उभे राहून तुमच्यासाठी चुकीचा हात वर केला होता, आणि तो अंगात राहिला आहे.

आणि हात मुळीच न हलवता, ‘छान आहे, समजले’ म्हणत तुम्ही इथवर आला असाल, तर अभिनंदन. गुणवत्ता समितीत एक जागा रिकामी आहे.